अडीच हात खोल

अठ्ठावन्न-एकोणसाठची गोष्ट असेल. आम्ही तेव्हा अकोल्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि माझा नवरा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात स्टॉकमन होता. स्टॉकमन म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. पण खेड्यातले लोक त्याला डॉक्टरच म्हणत आणि तो ते दुरुस्त करत असे. दर वेळी करत असे. बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातलेला असला तरी "मी डॉक्टर नाही, स्टॉकमन आहे," एवढं सांगून मगच तो पुढचं काम करायचा. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, आणि दुसरं कोणी बोललं तर ते कळतही नव्हतं.

घरमालकीण माळ्यांची विधवा बाई होती. गावाबाहेर तिचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि पहाटे स्वतः बैलगाडी हाकत बाजारात न्यायची. सगळा मोहल्ला तिला मावशी म्हणायचा. खोल्या पाहायला गेलो तेव्हा तिनं आधी जात विचारली. त्याआधी चार घरी आम्ही जात सांगितली होती, आणि चारही घरच्या खोल्या नेमक्या त्याच सकाळी दुसऱ्या कोणाला दिल्या गेल्या होत्या.

"बौद्ध," माझा नवरा म्हणाला.

"हे कोनते?"

तो ओट्यावर बसला आणि त्यानं नागपूरच्या दीक्षेपासून सगळं समजावून सांगितलं. अर्धा तास तरी गेला असेल. मावशी मेथी निवडत ऐकत होती. जुडी संपल्यावर तिनं देठं एका बाजूला लोटली.

"बरं. भाजी माह्याच जोळून घ्यावं लागीन," ती म्हणाली.

आम्ही हो म्हटलं आणि राहायला गेलो.

अंगणाच्या टोकाला पत्र्याचं ग्यारेज होतं. मावशीच्या आधी ती जागा एका कापसाच्या दलालाची होती आणि त्याच्याकडे मोटार होती. मोटार गेली, दलालही गेला, ग्यारेज राहिलं. मावशी त्यात टोपल्या, बियाण्याचा लसूण आणि एक मोडका वखर ठेवायची. पुढे माझ्या नवऱ्यानं अमरावतीच्या एका बदलून जाणाऱ्या साहेबाची जुनी फटफटी घेतली, तेव्हा मावशीनं टोपल्या एका भिंतीला सरकवून त्याला अर्धं ग्यारेज दिलं. फटफटी चालवायला तो ज्या दिवशी सकाळी शिकला, त्याच दिवशी ती अमरावतीहून अकोल्याला घेऊन आला. संध्याकाळी घरी पोचला तेव्हा त्याची मान एका बाजूला वळत नव्हती. मूर्तिजापूरपर्यंत ब्रेक कुठला हे आठवत नव्हतं, असं त्यानं मला प्रामाणिकपणे सांगितलं.

पाच-सहा महिन्यांनी शेजारच्या कंपाउंडरची सायकल चोरीला गेली. दिवसाढवळ्या, दहाच्या सुमाराला, तो घरात पाणी प्यायला गेला तेवढ्यात. त्या दिवशी माझा नवरा धड जेवला नाही. जेवणानंतर माझ्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर त्यानं एक चित्र काढलं. घोड्याच्या नालेसारखी लोखंडी कडी, पण दोन्ही पाय लांबलचक आणि टोकाशी बाहेर वळवलेले. कडीचं डोकं तेवढं जमिनीच्या वर राहणार, पाय खाली काँक्रीटमध्ये पुरणार, आणि फटफटी साखळीनं त्या कडीला बांधायची.

मोडक्या बैलगाडीच्या आसाचं लोखंड लोहाराला देऊन त्यानं कडी करून घेतली. मग मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री वयानं मोठा, बोलायला गोड माणूस होता.

"किती खोल घालू?" त्यानं विचारलं.

"अडीच हात."

"अडीच कावून? दीड हात लय झालं."

"दीड हाताचा खुंटा बैल उपटतो. मी पाहिलं आहे."

मिस्त्रीनं मान डोलावली. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. कुठल्या तरी विहिरीच्या कामातून उरलेलं अर्धं पोतं मिळालं. काम झालं त्या दिवशी मी शाळेत होते, नवरा बार्शीटाकळीच्या बाजूला दौऱ्यावर होता आणि मावशी बाजारात. संध्याकाळी येऊन पाहिलं तर कडी जमिनीतून डोकं काढून उभी होती.

"डॉक्टरसाहेब, अडीच हात भरून घातली," मिस्त्री म्हणाला.

"मी स्टॉकमन आहे," माझा नवरा म्हणाला, आणि त्यानं मिस्त्रीचा हात हातात घेऊन आभार मानले.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो फटफटी आत घेई, विहिरीवरची जुनी जाड साखळी तिच्या सांगाड्यातून ओवी, कडीतून ओवी, नुसतं दाबून लागणारं मोठं कुलूप लावी आणि तीन वेळा ओढून पाही. सकाळी फटफटी बाहेर गेली की मावशी त्याच कडीला म्हशीचं वगारू बांधायची. त्याला ते कळल्यावर त्यानं फक्त एवढंच म्हटलं की साडेपाचच्या आत सोडत जा. मावशी सोडायची. कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक त्याच्या खिशात असे. दुसरी त्यानं सुरक्षित जागी ठेवली होती आणि ती जागा कोणाला, म्हणजे मलाही, सांगितली नव्हती.

लग्नाच्या चौथ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे अमरावतीला व्हायचं, पण शाळेची परीक्षा तोंडावर होती आणि रजा मिळत नव्हती. शेवटी माझी आई येईल असं ठरलं. नवऱ्यानं मात्र स्वतःची तयारी केली. घरापासून बायकांच्या दवाखान्यापर्यंत तो फटफटीवरून चार वेळा जाऊन आला. कुठे खड्डा आहे, कुठे बाजाराची गर्दी होते, सगळं त्यानं लिहून काढलं. मागच्या सीटवर दुहेरी गोधडी बांधून ठेवली. मावशीनं ती गोधडी पाहिली आणि मला बाजूला घेतलं.

"मास्तरीणबाई, तू या फटफटीवर बसशीन तं पोरगं रस्त्यातच होईन."

मी नवऱ्याला तसं सांगितलं. आपण हळू जाऊ, असं तो म्हणाला.

आई रविवारी येणार होती. मला कळा शुक्रवारी सकाळी सुरू झाल्या, दोन आठवडे आधी. उजाडत होतं. मी त्याला उठवलं. तो अजिबात गडबडला नाही. चूळ भरली, शर्ट घातला, कागद खिशात ठेवला आणि किल्लीसाठी हात घातला. किल्ली नव्हती. मग त्याला आठवलं की आदल्या दिवशी एका खेड्यात विहिरीच्या काठावर वाकून तो गाईला पाहत होता, तेव्हा काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला होता. त्याला वाटलं होतं, बेडूक असेल.

"दुसरी कुठं आहे?" मी विचारलं.

"सुरक्षित जागी," तो म्हणाला.

ती जागा त्याला आठवत नव्हती. डब्यांत पाहिलं, पुस्तकांत पाहिलं, देव्हारा आमच्याकडे नव्हता नाहीतर तिथंही पाहिलं असतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. अंगणात मावशीची गाडी भरलेली होती, बैल जुंपलेले होते. ती आत आली, तिनं माझा चेहरा पाहिला आणि गाडीतल्या वांग्यांच्या दोन टोपल्या खाली उतरवल्या.

"चाल," ती म्हणाली. "हे शोधत बसतीन."

मेथीच्या जुड्यांवर गोधडी टाकून तिनं मला बसवलं. ती गोधडी फटफटीवरचीच होती. नवरा ग्यारेजाच्या दारात उभा होता.

"तू हो पुढं. मी फटफटी घेऊन आलोच," तो म्हणाला.

तो तसाच आमच्याबरोबर गाडीत बसून का आला नाही, हे मी त्याला पुढे अनेकदा विचारलं. प्रत्येक वेळी त्यानं विचार करून उत्तर दिलं की तेव्हा ते सुचलं नाही.

मावशीनं बैल असे हाकले की रस्त्यातली माणसं आपोआप बाजूला होत होती. मी ओल्या मेथीत बोटं खुपसून बसले होते. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त राग आला होता. दवाखान्याच्या पायरीवर मावशीनं मला कमरेला धरून उतरवलं. नर्सनं तिला विचारलं, तुम्ही कोण. मावशीनं क्षणभर विचार केला.

"तिची मावशी होय मी," ती म्हणाली आणि आत आली. त्या दिवशी तिची भाजी बाजारात गेली नाही. दहाच्या सुमाराला मला मुलगी झाली.

बाराला एक नर्स खाटेजवळ आली.

"बाई, भायेर एक मानूस धोंडा घेऊन आला हाय. तुमचं नाव सांगून राहिला."

मावशी उठून खिडकीशी गेली, बाहेर पाहिलं आणि परत येऊन बसली. "व्हय, आपलाच हाय," ती म्हणाली.

घरी काय झालं होतं ते असं. आम्ही गेल्यावर त्यानं कुलपावर हातोडा घातला. कुलूप अलीगढचं होतं, त्याला काही झालं नाही. मग त्यानं ठरवलं की कडीच जमिनीतून काढायची. मावशीची सब्बल, म्हणजे पहार, आणि एक छन्नी घेऊन तो कडीभोवती खणत बसला. अडीच हात खणायची त्याची तयारी होती. पण दीड हातावरच काँक्रीट संपलं आणि अख्खा गोळा हलायला लागला. त्याला आनंद झाला. असं कसं झालं हे विचारायला वेळ नव्हता. रस्त्यानं जाणाऱ्या दोन हमालांना बोलावून त्यानं तो गोळा, कडी आणि साखळीसकट, फटफटीच्या मागच्या सीटवर चढवून दोरांनी बांधला. मी जिथं बसणार होते तिथं. मग गर्दी आणि खड्डे टाळत, हळू चालवत, तो दवाखान्यात आला.

"साखळी कावून नाई तोडली?" मावशीनं विचारलं.

"साखळी चांगली होती," तो म्हणाला.

त्याच्या दोन्ही हातांना फोड येऊन फुटले होते. नर्सनं त्याला बाळाला हात लावू दिला नाही. तो खाटेपासून थोडा लांब, हात उताणे धरून उभा राहिला.

"उशीर झाला का?" त्यानं मला विचारलं.

"हो."

"किती?"

"दोन तास."

त्यानं मान हलवली. मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मावशी तिथून उठून बाहेर गेली. मी त्याला इकडे या म्हटलं. तो आला आणि खाटेच्या कडेला बसला, आणि मी त्याच्या हातांवरची माती माझ्या लुगड्याच्या पदरानं पुसली. माझा राग तोवर पुरता गेला नव्हता, पण पुसता पुसता तो कुठे राहिला ते समजलं नाही.

किल्ली सापडत नव्हती, म्हणून गोळा फटफटीवरच राहिला. दौरे तर करायलाच हवे होते. पुढचे आठ दिवस तो धोंडा मागे बांधून खेडोपाडी फिरला. लोक विचारायचे, हे काय आहे. तो पहिल्यापासून सांगायचा, किल्लीच्या विहिरीपासून बाळापर्यंत. एका गावात त्याला पेढे मिळाले. आठव्या दिवशी एका म्हशीला ताप होता आणि नेहमीचं थर्मामीटर हातातून पडून फुटलं, म्हणून त्यानं पिशवीच्या तळातून जादा थर्मामीटरची डबी काढली. आत थर्मामीटर होतं आणि कापसात गुंडाळलेली किल्ली होती. म्हशीला एकशे चार ताप निघाला. तिला औषध देऊन तो घरी आला आणि डबी माझ्या हातात दिली.

"आता ही तुझ्याकडं," तो म्हणाला.

रविवारी आलेली माझी आई तोवर घरात रुळली होती. ती आली त्या दिवशी तिला स्टेशनवर घ्यायला तोच गेला होता, फटफटी घेऊन, आणि बसायला जागा नसल्यामुळे ती टांग्यात पुढे आणि तो मागून असे दोघं घरी आले होते. "पोरगी पाहू का आधी धोंडा पाहू?" असं तिनं मला दारातूनच विचारलं होतं.

आता कडी परत बसवायची होती. मिस्त्रीला निरोप गेला. तो ग्यारेजात आला, त्यानं खड्डा पाहिला, बाजूला ठेवलेला गोळा पाहिला.

"कोनं काढली?"

"मी," माझा नवरा म्हणाला.

"एकट्यानं?"

"हो. तीन-चार तास लागले."

मिस्त्री घण घेऊन गोळा फोडायला लागला, कारण कडी मोकळी केल्याशिवाय परत पुरता आली नसती. मी बाळाला घेऊन दारात उभी होते, मावशी टोपल्या आवरत होती. काँक्रीटच्या खपल्या निघत गेल्या आणि आतले पाय दिसले. ते सरळ नव्हते. दोन्ही पाय मध्यावर वाकवून वर घेतले होते, मांडी घालून बसलेल्या माणसासारखे.

माझा नवरा खाली बसला. त्यानं एका पायावरून बोट फिरवलं.

"हे लोहाराकडून असे आले नव्हते," तो म्हणाला.

"नाई," मिस्त्री म्हणाला. "मीच परत नेऊन वाकवून आनले. खाली मुरूम लागला. सब्बल उडून राहिली होती."

"मग सांगायचं."

"तुमी अडीच हात, अडीच हात म्हनून राहिले होते. मले वाटलं, दीड सांगतलं तं तुमाले वाईट वाटीन."

नवरा त्या पायांकडे पाहत होता. चोरीची भीती, किल्ली, बाळंतपण, या कशानंही त्याचा चेहरा मी तसा झालेला पाहिला नव्हता. लोखंड तापवून वाकवायला जेवढी मेहनत लागली तेवढ्यात मुरूम फुटला असता, हे त्याला उमगत होतं. आणि आपण त्या माणसाचा हात हातात घेऊन आभार मानले होते, हेही.

"दीडच हात होती म्हनून निंगाली," मावशी टोपलीत टोपली घालत म्हणाली. "अडीच असती तं हे अजून खंदत असते."

मिस्त्रीनं डोक्यावरचं फडकं सोडून परत बांधलं.

"या वेळी मी खणतो," माझा नवरा म्हणाला. "तुम्ही फक्त बसवा."

मावशीनं जागा बदलून मागितली. भिंतीपासून हातभर आत, म्हणजे फटफटीही मावेल आणि वगारालाही उन्हाचा त्रास होणार नाही. तिनं पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर गोल काढून दिला. पाच दिवस कामावरून आल्यावर तो खणत होता. पहिल्या दिवशी माती निघाली, मग चार दिवस मुरूम, ओंजळ ओंजळ. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीही यायला लागला. तो काठावर बसायचा आणि सब्बल कशी तिरपी मारायची ते सांगायचा. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच खाली उतरला. खड्ड्यात दोघांना जागा नव्हती, म्हणून माझा नवरा वर आला आणि काठावर बसला. संध्याकाळी आईनं दोघांना चहा दिला.

लोहाराकडून पाय सरळ होऊन आले. बसवायच्या दिवशी मिस्त्रीनं आम्हा सगळ्यांना ग्यारेजात बोलावलं. जनावरांची छाती मोजायची फीत माझ्या नवऱ्याकडे होती, ती त्यानं मागून घेतली, खड्ड्यात सोडली आणि माप मोठ्यानं वाचलं. मग माझ्या आईला वाचायला लावलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं फीत बोटांत धरली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "भरलं हाय." मिस्त्रीचं समाधान झालं. पायांच्या खाली त्यानं एक आडवी सळी घातली, गिट्टी आणि सिमेंट भरलं आणि कडी सरळ आहे का हे चारही बाजूंनी पाहिलं.

आठ दिवस ओलं पोतं टाकून पाणी मारायचं होतं. ते काम मावशीनं घेतलं. मळ्यातून येताना ती आधी कडीला पाणी घालायची आणि मग घरात जायची. तोवर फटफटी मोकळीच उभी होती. ग्यारेजाच्या दारात बसून मावशी संध्याकाळी उशिरापर्यंत भाजी निवडायची. तिच्यादेखत कोणी फटफटी नेली नसती, आणि माझा नवरा त्या आठवड्यात बराच निवांत होता.

ती कडी मग आम्ही तिथं होतो तोवर हलली नाही. सहा वर्षं झाली असतील, त्याची अमरावतीला बदली झाली. मलाही तिकडं शाळा मिळाली. सामान बांधताना मावशीनं विचारलं, "हे नेत नाई का?"

तो ग्यारेजात जाऊन उभा राहिला. फीत घेऊन त्यानं काहीतरी मोजलं. मग बाहेर आला.

"काढायला पाच दिवस लागतील," तो म्हणाला. "रजा दोनच दिवसांची आहे."

निघताना मावशीनं मुलीच्या हातात मेथीची जुडी दिली आणि माझ्याकडे न पाहता बैलांना वैरण टाकायला गेली.

अमरावतीच्या घराला ग्यारेज नव्हतं. फटफटी कुंपणाला टेकून उघड्यावर उभी राहायची. पहिल्या आठवड्यात तो दर थोड्या वेळानं खिडकीशी जाऊन पाहून यायचा. दुसऱ्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या आठवड्यात एकदा चहा पिताना मीच विचारलं, साखळी घातली का म्हणून.

"राहिली वाटतं," तो म्हणाला, आणि बशीत चहा ओतून फुंकर घालत बसला.